पोलंडबॉलची चित्रे कशी वाचावीत?

देशांना गोल चेंडूंचे रूप देऊन त्यांच्यातले रुसवेफुगवे आणि भांडणे रंगवणारी पोलंडबॉल ही चित्रमालिका २००९ मध्ये एका जर्मन संकेतस्थळावर सुरू झाली. ती कोणा एका चित्रकाराची नाही, जगभरातील हौशी मंडळी ती काढतात. म्हणून तिची गोडी लागायची असेल, तर तिचे संकेत आधी समजून घ्यावेत.

पहिले लक्ष झेंड्यांकडे द्यावे. पोलंडच्या खऱ्या झेंड्यात पांढरा पट्टा वर आणि लाल खाली असतो, पण चित्रांत तो कायम उलटा दिसतो. ही चूक नसून हौसेने जपलेली प्रथा आहे. त्यामुळे लाल-पांढरा चेंडू दिसताच त्याला इंडोनेशिया समजू नये, आधी शेजारी कोण आहे ते पाहावे. कझाकस्तान विटेसारखा, सिंगापूर त्रिकोणी, तर ब्रिटन उंच टोपी आणि एकाच डोळ्यावर भिंग लावून येतो. या पात्रांना हातपाय नसतात आणि डोळ्यांत बुबुळेही नसतात, त्यामुळे राग, लाज, कावेबाजपणा हे सारे डोळ्यांच्या आकारातूनच ओळखावे लागते.

संवाद मोठ्याने वाचावेत. इंग्रजी मातृभाषा असलेले देश नीट बोलतात, बाकीचे मोडक्या इंग्रजीत आपल्या भाषेतले शब्द मिसळतात. 'पोलंड कॅनॉट इन्टू स्पेस' या गाजलेल्या वाक्यात मुख्य क्रियापदच नाही. पोलंडला अवकाशात जाता येत नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात मिरोस्वाफ हेर्माशेव्स्की हे पोलिश वैमानिक १९७८ मध्ये सोव्हिएत सोयूझ यानातून अवकाशात गेले होते, आणि मित्रदेशांच्या अंतराळवीरांना नेणाऱ्या त्याच सोव्हिएत इंटरकॉसमॉस कार्यक्रमातून १९८४ मध्ये आपले राकेश शर्माही गेले. पोलंड गेला, पण दुसऱ्याच्या यानातून. माझ्या मते त्या वाक्यातली खरी सल हीच आहे.

अशी सल कळण्यासाठी इतिहासाची चार पाने चाळलेली असावीत. रशिया, प्रशिया (तेव्हाचे एक जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत पोलंड वाटून घेतला (दुसऱ्या फाळणीत ऑस्ट्रिया नव्हता) आणि पुढे १९१८ पर्यंत, म्हणजे तब्बल १२३ वर्षे, स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये १ तारखेला जर्मनी आणि १७ तारखेला सोव्हिएत संघ त्याच्यावर चालून गेले. हे ठाऊक असले, म्हणजे दोन मोठे शेजारी नुसते एकमेकांकडे पाहून हसले तरी मधल्या चेंडूला घाम का फुटतो, ते न सांगता कळते.

ठोकळेबाज समजुतींवरची चित्रे मात्र पारखून घ्यावीत. हसू एखाद्या राष्ट्राच्या कृतीचे येते आहे की तिथल्या माणसांच्या रंगाचे आणि गरिबीचे, हे स्वतःला विचारावे. दुसऱ्या प्रकारची चित्रे मी सरळ सोडून देतो, मग त्यांत भारत असो वा आणखी कोणी. नव्या वाचकाने पोलंड आणि जर्मनी यांच्या तीन-चार चौकटींच्या चित्रांपासून सुरुवात करावी, आणि शेवटच्या चौकटीवर पोचल्यावर मागे वळून, संवाद झाकून, फक्त डोळे पाहत तेच चित्र पुन्हा एकदा वाचावे.