आयडलिंगला गडबडणारी गाडी: स्कॅनरवरचे आकडे कसे वाचावेत

आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, ते थरथरत असेल, आरपीएमचा काटा सतत खाली-वर होत असेल किंवा ब्रेक लावून थांबताच इंजिन बंद पडत असेल, तर कोणताही भाग बदलण्यापूर्वी स्कॅनर लावून इंजिनच्या संगणकाकडील माहिती पाहावी. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकांनुसार आलेल्या पेट्रोल गाड्यांना, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांना, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. मोबाइलशी ब्लूटूथने जोडला जाणारा साधा स्कॅनर या कामास पुरतो, मात्र त्यावर केवळ कोड (संगणकाने नोंदलेल्या दोषांचे क्रमांक) नव्हे तर लाइव्ह डेटाही (सेन्सरांचे त्या क्षणाचे आकडे) दिसला पाहिजे.

गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीला सीएनजी किट असेल तर पहिली तपासणी पेट्रोलवर करावी, म्हणजे दोष इंजिनाचा की किटचा, हे वेगळे करता येते.

सुरुवात कोड वाचण्यापासून करावी, पण ते लगेच पुसू नयेत. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते. दोष नोंदला गेला तेव्हा इंजिन किती तापलेले होते, आरपीएम आणि वेग किती होता, हे तिच्यातून कळते, आणि कोड पुसताच ही नोंदही जाते. पी०५०६ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, आणि पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे इंधन नीट न पेटणे. कोड लक्षण सांगतो, कोणता भाग खराब आहे ते सांगत नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त पैसे येथेच वाया जातात, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

यानंतर चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, मॅप सेन्सरचे (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातील दाब मोजणाऱ्या सेन्सरचे) वाचन पाहावे. त्या वेळी ते बाहेरच्या हवेच्या दाबाइतकेच असायला हवे. मोबाइलवर वाचलेल्या माहितीत हा आकडा १०१ किलोपास्कल दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा आहे. सातारा सुमारे सातशे मीटर उंचीवर असल्याने येथे ९३ च्या आसपास, सांगलीत ९५ च्या आसपास, तर साडेतेराशे मीटरवरील महाबळेश्वरात ८६ च्या आसपास आकडा दिसतो. तो योग्यच आहे, त्यावरून सेन्सर खराब ठरवू नये. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि आत येणारी हवा यांची तापमाने जवळपास सारखी दिसली पाहिजेत. त्यांत मोठा फरक असेल तर त्यांपैकी एक सेन्सर खोटे सांगत आहे.

आता इंजिन सुरू करून तापू द्यावे. बहुतेक गाड्यांत कूलंट ८५ ते ९५ अंशांवर स्थिरावते. ते साठ-सत्तरवरच अडकले, तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप) उघडा राहिला असण्याची शक्यता असते, आणि इंजिन थंडच आहे असे समजून संगणक आयडलिंग वाढवून ठेवतो. तापलेल्या इंजिनाचे आयडलिंग एसी बंद असताना साधारण ६५० ते ८५० आरपीएम असते, मॅपचे वाचन बहुधा २५ ते ४० किलोपास्कल असते, आणि बॅटरीचा दाब साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवा.

सर्वांत बोलका आकडा फ्युएल ट्रिमचा. ऑक्सिजन सेन्सरच्या इशाऱ्यावरून संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो, ते त्यातून कळते. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांदरम्यान असेल तर चिंता नसते. ती बेरीज आयडलिंगला पाहावी, मग २५०० आरपीएमवर इंजिन धरून पुन्हा पाहावी. आयडलिंगला +२० आणि वर गेल्यावर +५ झाली, तर कोठूनतरी जास्तीची हवा शिरत आहे. वर गेल्यावर ती वाढतच गेली, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर तपासावा. बेरीज बरीच उणे असेल तर गळका इंजेक्टर किंवा उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) संशयित ठरतो, आणि विशेषतः पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल तर पर्ज व्हॉल्व्हच आधी पाहावा.

हा नियम एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा थेट मोजणारा) असलेल्या गाड्यांना नेमका लागू पडतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या मात्र मॅप सेन्सरवर चालतात, आणि त्यांत चोरून शिरलेली हवाही मोजली जाते. त्यामुळे ट्रिम जवळपास ठीक दिसते आणि आयडलिंगच चढते. माझ्या गाडीत पी०५०७ आला तेव्हा एका गॅरेजने थ्रॉटल बॉडी (थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, असलेला भाग) बदलली, तरी आयडलिंग ११५० च्या खाली येईना. लाइव्ह डेटात थ्रॉटल जवळजवळ पूर्ण बंद होता आणि मॅप मात्र ४८ दाखवत होता, म्हणजे हवा दुसरीकडून येत होती. बॉनेटखाली बारकाईने पाहिल्यावर पीसीव्हीचा (इंजिनाच्या आतील वाफा पुन्हा आत येणाऱ्या हवेत सोडणाऱ्या व्यवस्थेचा) रबरी पाइप उंदराने कुरतडलेला सापडला. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर आडोसा शोधतात आणि शेताकडेला उभ्या गाडीचे गरम बॉनेट त्यांना सापडते, म्हणून त्या महिन्यांत आधी पाइप आणि वायरी पाहाव्यात. ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरचा जाड पाइपही विसरू नये. गळती शोधताना गरम इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारू नये, तो पेट घेतो. एकेक पाइप चिमट्याने हलकेच दाबावा आणि आरपीएम उतरतो का ते पाहावे.

मिसिंगचा कोड असेल तर त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) शेजारच्या सिलिंडरवर लावावी. कोड तिच्यासोबत सरकला तर कॉइल खराब, जागीच राहिला तर स्पार्क प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने जावे.

आयडलिंग कमी असून थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त उघडा दिसत असेल, तर तेथे कार्बन साचलेला असतो. तो साफ केल्यावर संगणकाला थ्रॉटलची नवी स्थिती शिकवावी लागते, नाहीतर आयडलिंग उलट चढते. त्याची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते, आणि ती सोय साध्या स्कॅनरमध्ये नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जावे.

दुरुस्तीनंतर कोड पुसावेत, गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या घाटासारख्या चढावर न्यावी. परत आल्यावर एसी लावून आयडलिंग टिकते का ते पाहावे आणि पेंडिंग कोडांची (अजून पक्के न झालेल्या दोषांची) यादी उघडावी. तीन-चार दिवसांच्या वापरानंतरही ती रिकामी असेल, तर काढलेले निदान बरोबर होते.