मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि पेस्ट: गॅरेजात नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं करून मी कोल्हापुरात एका गॅरेजला लागलो, तेव्हा इंजिनाचे चारही स्ट्रोक तोंडपाठ होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाला, कोणतं पॅकिंग घ्यायचं, हे मात्र काही ठाऊक नव्हतं. (दोन भागांच्या जोडात गळती थांबवायला घालतात त्या गास्केटला गॅरेजात सगळे पॅकिंगच म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.)

पहिल्याच महिन्यात एक डिझेल जीप आली. सकाळी चालू केली की टिक-टिक आवाज, दहा मिनिटांनी बंद. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज समजून मी वरचं कव्हर खोलायला घेतलं, तर मिस्त्रींनी हात धरला. म्हणाले, "गार हाय तवरच कान लाव. तापल्यावर लोखंड फुगतंय, फट मिटतीया, मग कायबी कळायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या कडेने हात फिरवला, तर शेवटच्या सिलिंडरपाशी तळहाताला गरम झुळका लागत होत्या. तिथेच हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या वर बसणाऱ्या भागावर, काजळीचा पट्टा उठला होता. लीकेज शोधताना हीच दोन लक्षणं आधी बघा: गार असतानाचा आवाज आणि काजळी. मात्र हात लावायचा तो चालू केल्यावर पहिल्या मिनिटभरातच, नंतर भाजतो. काम दार उघडं ठेवून करा. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद शेडमध्ये तो जिवावर बेततो.

पुढची चूक माझी. मिस्त्री त्या दिवशी बाहेरगावी होते, त्या मॉडेलचं पॅकिंग बाजारात मिळेना आणि गिऱ्हाईक घाईत होतं. लाल सिलिकॉन पेस्टची ट्यूब फळीवर होती, तिच्यावर 'हाय टेंपरेचर' लिहिलेलं होतं. दोन्ही फेसला (एकमेकांवर बसणाऱ्या सपाट बाजूंना) जाड थर देऊन मी मॅनिफोल्ड आवळला. तिसऱ्या दिवशी आंबा घाट चढून आलेली जीप परत दारात उभी. ओढत नव्हती, आत बसलेल्यांचे डोळे चुरचुरत होते. खोललं तर सिलिकॉनची पांढरट राख झालेली, बोटाने चोळली की झडत होती. त्या कुटुंबात एक लहान मुलगी होती. तिचे लाल झालेले डोळे मी विसरलेलो नाही, आणि आजही हे काम मी घाईत करत नाही.

कारण साधं होतं. ही सिलिकॉनं साधारण अडीचशे ते साडेतीनशे अंशांपर्यंत टिकतात. घाटात लोड घेतलेला मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढे जातो. अंधारात लोखंड मंद लाल दिसायला लागतं तेच मुळी सव्वापाचशे अंशांच्या आसपास. त्यामुळे ट्यूबवर काहीही छापलेलं असू दे, हेडला लागून असलेल्या जोडावर सिलिकॉन नको. त्याची जागा ऑइल चेंबर, टायमिंग कव्हर, वॉटर पंप.

उष्णतेपेक्षाही मोठी गोष्ट मला नंतर कळली, ती म्हणजे हा जोड सरकतो. हिशोब करून बघा. ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर दोन मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. त्याच लांबीचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतल्या पाण्यामुळे सत्तर-ऐंशी अंशांनीच तापतं आणि अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतं. उरलेला दीड मिलिमीटर मॅनिफोल्ड पॅकिंगवरून घासत जातो, गार झाला की परत येतो. गाडी जेवढ्या वेळा तापेल तेवढ्या वेळा. टोकाचे स्टड (हेडमधले आट्यांचे दांडे, ज्यांवर नट बसतात) आधी का तुटतात, फ्लँजची (मॅनिफोल्डच्या सपाट पट्टीची) टोकाकडची भोकं स्टडपेक्षा मोठी का ठेवलेली असतात, आणि चिकटवून धरणारी कुठलीही पेस्ट इथे का फाटते, या तिन्हींचं उत्तर हेच. इथे सरकू देऊन दाबून धरणारं पॅकिंग लागतं.

पॅकिंग आणायला जाण्याआधी मॅनिफोल्डचा फेस बघा. पितळी ब्रश आणि पॉलिश पेपरने कार्बन काढा. जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका, आधी ओलं करा. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. मग फेसवर सरळपट्टी उभी धरून खालून फिलर गेज (मोजलेल्या जाडीची पातळ पत्री) घालून बघा. किती चालेल ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. फट त्याहून जास्त असेल तर तसाच बसवण्यात अर्थ नाही. आम्ही असा मॅनिफोल्ड इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, नेऊन फेस मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून आणतो. तडाही इथेच शोधा, बहुतेक वेळा दोन पोर्टच्या (धूर जायच्या भोकांच्या) मधल्या कोपऱ्यात असतो. तडा गेलेल्या मॅनिफोल्डला तीन-तीन पॅकिंगं बदलणारे मी पाहिलेत.

आता निवड. फेस नवा किंवा मारून आणलेला असेल तर पत्र्याच्या अनेक थरांचं स्टीलचं पॅकिंग घ्या. त्यावरच्या उठावदार कडा स्प्रिंगसारख्या दाबतात, सरकणंही सोसतात. पण ओरखडा त्यांना भरून काढता येत नाही. फेस जुना, बारीक खड्ड्यांचा असेल तर मधे पत्रा आणि दोन्हीकडे ग्राफाइट असलेलं बरं. ते मऊ असतं, खड्ड्यात बसतं, मात्र खोलताना फाटतं, पुन्हा वापरता येत नाही. दोन्ही प्रकार कोरडेच बसवायचे. साध्या दाबलेल्या शीटचं स्वस्त पॅकिंग टर्बो डिझेलला मी लावत नाही. दुकानातच जुन्यावर नवं ठेवून भोकं जुळवा. पॅकिंगची कड पोर्टमध्ये आली तर ती तापून जळते आणि तिथूनच लीकेज सुरू होतं.

पेस्टचीही जागा आहे, पण मागे. सायलेन्सरचा एक पाइप दुसऱ्यात घुसतो त्या जोडाला सोडियम सिलिकेटची राखाडी पेस्ट चांगली. ती उष्णतेने दगडासारखी कडक होते, आणि म्हणूनच हलत्या जोडावर तडकते. लावल्यावर गाडी दहा मिनिटं नुसती आयडलला ठेवा. एकदम रेस केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फोड येतात. टर्बो किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) आधी, इंजिनाकडच्या बाजूला, ही पेस्ट अजिबात नको, सुटलेले तुकडे सरळ आत जातात.

दुचाकीचा प्रश्न सोपा आहे. बेंड पाइप आणि हेडमध्ये तांब्याची रिंग असते, ती चेपून सील करते आणि एकदाच. पाइप काढला की नवी रिंग. अडलं तर जुनी रिंग लाल करून गार केली की तांबं पुन्हा मऊ होतं, जुने मिस्त्री असंच करायचे. पण चेपलेली जाडी काही परत येत नाही. आधी हेडचे दोन्ही नट आळीपाळीने आवळा, सायलेन्सरचा मागचा बोल्ट शेवटी. उलटं केलं तर पाइप ताणात बसतो आणि रिंग एका बाजूने सुटते.

आवळणं चारचाकीतही मधून कडेला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने). गंजलेले नट आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. स्टड तुटलाच तर त्याच्यावर नट वेल्ड करून फिरवा, वेल्डिंगच्या उष्णतेने तो बहुतेक वेळा सुटतो. पॅकिंग वारंवार जात असेल तर इंजिन माउंटिंग आणि सायलेन्सरची रबरं बघा. सगळं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळत असेल तर पॅकिंग काय करणार?

पेट्रोल गाडीत, विशेषतः एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ दुचाकींतही, धुराच्या वाटेवर पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधी लीकेज असेल तर धुराच्या दोन झटक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त सोडतो. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून इंजेक्टर साफ करायच्या आधी मॅनिफोल्डला कान लावा.

काम झालं की मी गाडी शक्य असेल तर रात्रभर ठेवून घेतो. संध्याकाळी चांगली तापवून एक फेरी मारून आणतो आणि तशीच सोडतो. सकाळी गॅरेज उघडल्यावर आधी तीच चालू करतो, हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद ठेवून, आणि पहिलं मिनिटभर शेवटच्या सिलिंडरपाशी वाकून ऐकतो.