उबुंटू तेच ठेवून डेस्कटॉप बदला, आणि मराठी टायपिंगही सांभाळा

डेस्कटॉप बदलायचा म्हटलं की निम्मे लोक पेनड्राइव्ह शोधायला लागतात, नवीन आयएसओ (सिस्टम बसवायची फाइल) उतरवतात आणि सगळं फॉर्मॅट मारून मोकळे होतात. काही गरज नाही हो त्याची. उबुंटू असो की डेबियन, या लिनक्सच्या सिस्टमींत खालची सिस्टम तीच राहते, वरचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचे मेनू, पट्ट्या आणि खिडक्या, तेवढा दुसरा बसवता येतो, गणपती तोच आणि मखर बदललं असं समजा. तुमच्या फायली, प्रिंटर, घातलेली सॉफ्टवेअरं सगळं जागच्या जागी. आणि एकाच मशीनवर दोन-तीन डेस्कटॉप गुण्यागोविंदाने नांदतात, लॉगिन करताना आज कुठला पाहिजे तो निवडायचा.

आधी कुठला घ्यायचा ते बघू. उबुंटूचा स्वतःचा डेस्कटॉप म्हणजे ग्नोम, २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून, त्याआधी युनिटी होता. ग्नोम दिसायला झकास, पण ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर दम टाकतो. अशा मशीनला एक्सएफसीई घाला, दिसायला साधा, मेनू जुन्या विंडोजसारखा, वयस्कर माणसांनाही लगेच कळतो. ८ जीबी असेल आणि तुम्हाला प्रत्येक गोष्ट आपल्या मनासारखी करून घ्यायची हौस असेल तर केडीई प्लाझ्मा. माते (MATE) नावाचा डेस्कटॉपपण चांगला आहे, तो जुन्या ग्नोम २ चाच वारस. पण एक सांगून ठेवतो, डेस्कटॉप हलका केला म्हणून ब्राउझर हलका होत नाही, पंधरा टॅब उघडून बसलात तर एक्सएफसीई तरी काय करणार. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पहिले पैसे एसएसडीत घाला, डेस्कटॉपचं नंतर बघू.

कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांतच टाइप करायच्या हे लक्षात असू द्या. सुरुवातीला टाइमशिफ्ट या प्रोग्रामने सिस्टमचा एक स्नॅपशॉट काढून ठेवा, बिघडलंच तर मागे जाता येतं. मग ‘सुडो एपीटी अपडेट’ (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, एपीटी म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्राम) आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल झुबुंटू-डेस्कटॉप’, झुबुंटू म्हणजे एक्सएफसीईवाला उबुंटू, त्याचं स्पेलिंग एक्सने सुरू होतं. हे पूर्ण पॅकेज, म्हणजे एक्सएफसीईसोबत झुबुंटूची थीम, वॉलपेपर आणि बाकीचा लवाजमापण येतो. नुसताच डेस्कटॉप पाहिजे तर ‘एक्सएफसीई४’ एवढंच घाला, थोडं ओकंबोकं दिसतं पण डाउनलोड कमी. केडीईसाठी ‘कुबुंटू-डेस्कटॉप’ किंवा आटोपशीर पाहिजे तर ‘केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप’. डेबियनवाल्यांनी ‘सुडो टास्कसेल’ चालवलं की यादीच समोर येते, स्पेसबारने खूण करायची. वाय दाबायच्या आधी एपीटी किती एमबी उतरवणार ते सांगतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर तो आकडा बघूनच पुढे जा.

आणि हे काम जून-जुलैत करत असाल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या, आपल्याकडे पाऊस लागला की लायट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टरवर घ्या नाहीतर सकाळी उघाड बघून बसा. मध्येच बंद पडलंच तर घाबरायचं नाही, परत चालू करून ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’, अर्धवट राहिलेलं बहुतेक वेळा तिथून पूर्ण होतं.

इन्स्टॉल चालू असताना टर्मिनलात अचानक एक रंगीत पडदा येतो, उबुंटूत जांभळट, डेबियनमध्ये निळा, आणि विचारतो की डिस्प्ले मॅनेजर कुठला ठेवू. इथे माउस चालत नाही त्यामुळे लोकांना वाटतं की मशीन हँग झालं. बाणाच्या कीने वरखाली करायचं, टॅबने ओकेवर यायचं, एंटर. डिस्प्ले मॅनेजर म्हणजे नुसता लॉगिनचा पडदा, जीडीएम३ ग्नोमचा, लाइटडीएम एक्सएफसीईवाले वापरतात, एसडीडीएम केडीईचा. कुठलाही निवडलात तरी सगळे डेस्कटॉप उघडतात. मी सध्या आहे तोच ठेवा म्हणेन, एका वेळी एकच गोष्ट बदललेली बरी, काही बिघडलं तर कशाने ते कळतं.

झालं की रीबूट. आता लॉगिनच्या पडद्यावर आपल्या नावावर क्लिक करा आणि पासवर्ड टाकायच्या आधी उजव्या कोपऱ्यात खाली बघा, छोटं दातेरी चाक दिसेल, त्यात एक्सएफसीई सेशन निवडा. लाइटडीएममध्ये ते वर उजवीकडे असतं. पुढच्या वेळी तीच निवड आपोआप राहते. ऑटोमॅटिक लॉगिन चालू असेल तर हा पडदा दिसतच नाही, मग आत जाऊन लॉगआउट करायचं. आत आल्यावर दोन्ही डेस्कटॉपवर ‘फ्री -एच’ चालवून बघा, यूज्डच्या खाली रॅम किती वापरात आहे ते स्वतःच ताडून घ्या, कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका.

केडीई करून बघणाऱ्यांना एक सल्ला, ‘सुडो ॲडयूजर टेस्ट’ करून वेगळा यूजर बनवा आणि तिथे हवा तेवढा धुडगूस घाला. सेटिंग्ज सगळ्या घरच्या फोल्डरात, लपलेल्या डॉट कॉन्फिगमध्ये जाऊन बसतात, त्यामुळे केडीईत थीम बदलली की ग्नोमची ॲप्सपण कधीकधी विचित्र दिसायला लागतात. दुसरं म्हणजे क्रोमसारखे ब्राउझर पासवर्डची चावी ग्नोमच्या कीरिंगमध्ये, म्हणजे त्याच्या तिजोरीत, ठेवतात आणि केडीईत गेल्यावर केडीईच्या तिजोरीत, के-वॉलेटमध्ये, शोधतात, मग सगळीकडून लॉगआउट झालेलं दिसतं. पासवर्ड गेलेले नसतात, ग्नोममध्ये परत गेलात की दिसतात. फायरफॉक्स स्वतःचं स्वतः सांभाळतो, त्याला फरक पडत नाही.

आता खरी गोम, मराठी. फोंड्याला भाचा भजनी स्पर्धेची आणि जत्रेची पत्रकं टाइप करून देतो, त्याचा लॅपटॉप एक्सएफसीईवर नेला, सगळं मस्त पळायला लागलं आणि मराठी काही उमटेना. “मामा, परत फॉर्मॅट मारूया काय?” अरे बाबा थांब. आयबस म्हणजे कीबोर्डवर टाइप केलेलं मराठीत उतरवणारा प्रोग्राम, ग्नोम त्याला स्वतः चालू करतो, एक्सएफसीईत ते आपल्याला सांगावं लागतं. तुम्ही इनस्क्रिप्टवाले (देवनागरीचा ठरलेला कीबोर्ड वापरणारे) असाल तर आयबस लागतच नाही, सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, लेआउट, तिथली सिस्टम डिफॉल्टची टिक काढा, ॲड करून इंडियनखाली मराठी निवडा आणि बदलायला एक शॉर्टकट ठरवा. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे, टाइप करत असाल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल आयबस आयबस-एम१७एन’, मग ‘आयएम-कॉन्फिग -एन आयबस’, लॉगआउट करून परत आत, आणि ‘आयबस-सेटअप’ उघडून मराठी जोडा. केडीईत वेलँडवर (पडदा रंगवायची नवी पद्धत) असाल तर सिस्टम सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डमध्ये जाऊन फ्सिटिक्स ५ (आयबससारखाच प्रोग्राम) किंवा आयबस निवडावं लागतं, ते नाही केलं तर कितीही लॉगआउट करा, काही होत नाही.

फॉन्टसाठी ‘फॉन्ट्स-देवा’ घालून ठेवा आणि तपासायला “किनाऱ्यावर तऱ्हेतऱ्हेचे मासे” एवढं टाइप करून बघा. इनस्क्रिप्टमध्ये ऱ शिफ्ट दाबून जे वर मिळतो, मग डीवरचा हलन्त. ऱ्या आणि ऱ्हे नीट जोडून दिसले तर पुढे काळजी नाही, तुटक दिसले तर फॉन्ट बदला. लिबरऑफिसमध्ये वेगळं आणि फायलीच्या नावात वेगळं असं होऊ शकतं म्हणून दोन्हीकडे बघा.

जुना डेस्कटॉप काढायची घाई नको. डिस्कवर जागा असेल तर राहू दे की, मेनूत दोन फाइल मॅनेजर आणि दोन टर्मिनल दिसतील एवढंच. काढायचाच असेल तर ग्नोमपुढे स्टार लावून पर्ज करायचं, म्हणजे त्या नावाचं सगळं मुळासकट काढायचं, हे जे कुणीतरी सांगत असतं ते अजिबात करू नका. एक्सएफसीईच्या पट्टीवरचं वायफायचं चिन्ह ज्या पॅकेजातून येतं त्याचं नाव बऱ्याच आवृत्त्यांत नेटवर्क-मॅनेजर-ग्नोम आहे, स्टारच्या झपाट्यात तेपण जातं आणि मग वायफाय कुठून जोडायचं ते समजत नाही. आधी ‘सुडो एपीटी -एस रिमूव्ह उबुंटू-डेस्कटॉप ग्नोम-शेल’ करा, या एसमुळे खरं काही निघत नाही, नुसती यादी दिसते. नंतर ऑटोरिमूव्ह (आता न लागणारी पॅकेजं काढणारी कमांड) चालवाल तेव्हा त्याची यादीपण वाय दाबायच्या आधी अशीच वाचा, नेटवर्क-मॅनेजर, कप्स (प्रिंटरचं) आणि आयबस ही तीन नावं त्यात आहेत का बघा. असतील तर ‘सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल’ च्या पुढे ती नावं लिहा, म्हणजे त्यांना हात लागत नाही. आणि जीडीएम३ काढणार असाल तर आधी (खाली दिलेल्या रीकॉन्फिगरच्या कमांडने) लाइटडीएमवर उडी मारून एकदा रीबूट करून बघा.

एवढं करूनही काळा पडदा आलाच तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, साधं अक्षरी लॉगिन येईल, तिथे नाव आणि पासवर्ड घालून (पासवर्ड टाइप होताना दिसत नाही, होत असतो) ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३’ चालवा, जो चालत होता तो निवडा, ‘सुडो रीबूट’. जीडीएम३ काढूनच टाकलेला असेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा नेट आपोआप लागतं, आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’ ने आधीचा ग्नोम परत येतो, फायलींना काही होत नाही.