दुसरी टाकी पाठीवर घेण्याआधी

तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेले तेव्हा पाठीवर एकच टाकी होती आणि पुढची सहा वर्षं ती पुरली. इंग्लंडला आल्यावर लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्ह या जुन्या दगडखाणीत डायव्हिंग सुरू केलं. तळ 35 मीटरवर, पाणी गार. तिथं बऱ्याच जणांच्या पाठीवर जोडटाक्या दिसायच्या, म्हणजे ट्विनसेट. मीही 12 लिटरच्या दोन टाक्यांचा वापरलेला सेट घेतला. विकणाऱ्याने प्रशिक्षण झाल्याचं कार्ड विचारलं नाही. मग ट्विनसेटचा वेगळा कोर्स कशाला, असं मला तेव्हा वाटलं. आज नव्याने सुरुवात करणारे तेच विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

दोन टाक्यांना वर जोडणारी नळी असते, मॅनिफोल्ड. तिच्या मधोमध आयसोलेटर, म्हणजे बंद केला की दोन टाक्या एकमेकींपासून तोडणारा नॉब, आणि दोन्ही टोकांना एकेक व्हॉल्व्ह. तोंडातला रेग्युलेटर, ज्यातून श्वास घेतो तो, उजवीकडून येतो. गळ्याशी अडकवलेला दुसरा रेग्युलेटर आणि उरलेल्या हवेचा दाब बारमध्ये दाखवणारा प्रेशर गेज डावीकडून. मी व्हिडिओ बघून तिन्ही नॉब बंद-चालू करायचा सराव करत होते. एकदा सरावानंतर आयसोलेटर उघडला असं समजून 20 मीटरवर गेले. पंधरा मिनिटांनी गेज पाहिला तर 200 बार. आधी बरं वाटलं, इतकी कमी हवा लागतेय! मग पोटात गोळा आला. श्वास उजव्या टाकीतून चालला होता, गेज डावीची हवा दाखवत होता. मी जोडीदाराला खूण केली. त्याने मागून आयसोलेटर उघडला, हवा सुटल्याचा आवाज आला आणि काटा 160 च्या आसपास उतरला. उजवीत तोवर फार तर 120 उरली असणार.

त्यानंतर तीन दिवसांचा कोर्स केला. पाण्यात एका जागी, ना वर ना खाली, आडवं राहायचं आणि त्याच वेळी हात डोक्यामागे नेऊन व्हॉल्व्ह फिरवायचा. व्हिडिओतून क्रम कळतो, पण हात मागे गेला की आपले पाय बुडतात हे आपल्याला दिसत नाही. प्रशिक्षकाला दिसतं. डावा नॉब गुहेच्या किंवा जहाजाच्या छताला घासला तर आपोआप बंद होऊ शकतो, म्हणून दर वेळी हात लावून तपासायचा, हेही तिथंच कळलं. डोक्यामागे बुडबुडे आले, म्हणजे हवा गळत असेल, तर आधी कोणता नॉब, तो फिरवूनही थांबले नाहीत तर पुढे काय, हे आम्ही इतक्या वेळा केलं की रात्री गादीवर पडल्यावरही हात तसा जायचा.

वजनाचंही आहे. भरलेल्या सेटमधली हवाच साधारण सहा किलो असते. डायव्हच्या शेवटी तेवढे हलके होतो, म्हणून खाली राहण्यासाठी अंगावर घ्यायचं शिसं रिकाम्या टाक्यांच्या हिशोबाने लावायचं. आणि जास्त हवा म्हणजे जास्त वेळ खाली. 30 मीटरवर साध्या हवेने डीकॉम्प्रेशन, म्हणजे वर येताना ठरावीक खोलीवर थांबत येणं, न लागता राहायला प्रचलित टेबल वीस मिनिटं देतं. एका टाकीवर हवाच आपल्याला वर यायला लावते. दोन टाक्यांवर ती लावत नाही. घड्याळ आणि कॉम्प्युटर स्वतः बघायला लागतात.

माझं मत सांगते. तुमच्या क्लबात रोज ट्विनसेट वापरणारा, शिकवायची हौस असणारा कुणी असेल आणि तो चार-पाच वेळा सहा-सात मीटरवर तुमच्यासोबत उतरायला तयार असेल, तर शिकता येतं. ते शिक्षणच आहे, फक्त फी नाही. असा माणूस नसेल तर कोर्स कराच. कुणी बघायला नसताना एकटीने शिकणं, जे मी केलं, ते कुणीही करू नये.

कोर्सला जाण्याआधी एक गोष्ट घरीच होते. ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा डायव्हिंगचा पोशाख) घाला, सेट स्टुलावर उभा करून पट्ट्यांत हात घाला आणि तिन्ही नॉबपर्यंत बोटं पोचतात का बघा. पोचत नसतील तर टाक्या बॅकप्लेटवर, म्हणजे पाठीवरच्या पट्ट्यांच्या पत्र्यावर, थोड्या वर सरकवा. माझ्या टाक्या चार सेंटीमीटर वर घेतल्यावर उजवा नॉब हाताला लागला, तोवर मी खांद्यालाच दोष देत होते.