जँगोमध्ये पहिला पॅच पाठवताय?

ओपन सोर्समध्ये शिरायचं तर आधी कोडमध्ये तरबेज व्हायला हवं, असं नवी मुलं मला हमखास ऐकवतात. जँगो या वेबसाइट बांधायच्या पायथन-चौकटीपुरतं बोलायचं तर कोड हा त्यातला सोपा भाग. बऱ्यापैकी पायथन येणारा माणूस अडतो तो तिथल्या रीतीभातींपाशी.

पहिला गोंधळ जागेचा. कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आहे, पण बग आणि सुधारणांची नोंद होते ट्रॅक नावाच्या वेगळ्या, जुन्या वळणाच्या प्रणालीत. गिटहबवर इश्यूचा टॅब शोधत बसाल तर तो सापडणारच नाही, मुद्दामच बंद ठेवलाय. ट्रॅकवर काही तिकिटांना, म्हणजे तिथल्या नोंदींना, 'ईझी पिकिंग्ज' अशी खूण असते. नवख्यांसाठीच आहे ती, पण त्यातलं चांगलं तिकीट आलं की लगेच कोणीतरी नावावर करून टाकतं. त्यापेक्षा 'ॲक्सेप्टेड' टप्प्यावर असलेलं आणि कोणीतरी अर्ध्यावर सोडलेलं जुनं तिकीट बघा. कित्येक महिने हालचाल नसेल, तर तसं लिहून ते आपल्याकडे घेता येतं. आधीच्या पुल रिक्वेस्टवरचे, म्हणजे बदल सामावून घ्या अशा विनंतीवरचे, शेरे नीट वाचलेत, तर कुठे घोडं अडलंय ते आयतंच कळतं.

टेस्ट चालवायला पोस्टग्रेस वगैरे वेगळे डेटाबेस बसवायची गरज नाही, एसक्यूएलाइटवर भागतं. बग दुरुस्त करत असाल तर सोबत टेस्ट हवीच, आणि ती तुमच्या बदलाआधी नापास व्हायला हवी.

आता खरी मेख. पॅच, म्हणजे कोडमधला तुमचा बदल, पाठवलात की तिकिटावर 'हॅज पॅच' ही खूण करायची. तपासणाऱ्याने बदल सुचवले की तो 'पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट' लावतो आणि तिकीट तपासणीच्या रांगेतून बाहेर पडतं. बदल करून कोड पुन्हा ढकलला म्हणजे झालं, असं समजून लोक वाट बघत राहतात. ती खूण तुम्ही स्वतः काढेपर्यंत तिकीट रांगेत परत येत नाही! हे सगळं जँगोच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे, फक्त ते पान आधी वाचायला कोणी सांगत नाही.

पण नुसत्या लिखित नियमांनी नवखे टिकत नाहीत, उत्तर देणारं माणूस लागतं. जँगो फाउंडेशनने २०१४ पासून पगारी 'फेलो' नेमायला सुरुवात केली. तिकिटं चाळणं, पॅच तपासणं हे त्यांचं रोजचं काम. माझ्या मते नवख्यांसाठीची ही सगळ्यात मोठी सोय, 'ईझी पिकिंग्ज'सारख्या स्वागताच्या लेबलांपेक्षा कितीतरी मोठी. उत्साहाने लेबलं लावून पुढे महिनोन् महिने पुल रिक्वेस्टकडे ढुंकूनही न बघणारे प्रकल्प मी पाहिलेत. हाताला धरून शिकायचं असेल तर 'जँगोनॉट स्पेस' हा आठ आठवड्यांचा उपक्रम आहे. त्यात छोटे गट असतात. तांत्रिक अडचणींना नॅव्हिगेटर, आणि उमेद खचू नये म्हणून कॅप्टन.

कोड नकोच असेल तर भाषांतर आहे. जँगोच्या ॲडमिनला, म्हणजे साइट सांभाळायच्या पानांना, मराठी रूप आहे आणि त्यात सुधारणेला वाव आहे. मात्र त्यासाठी पुल रिक्वेस्ट पाठवू नका, तिथे ती घेत नाहीत. ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर खातं काढा आणि मराठीच्या गटात यायची विनंती पाठवा.