मेर्थेदेस: स्पॅनिश नावाचा अर्थ असा शोधतात

स्पॅनिशमधून भाषांतरं करायला लागले त्या पहिल्याच वर्षी एका स्पॅनिश घराण्याची जुनी पत्रं माझ्याकडे आली. त्यांत एक आजारी मेर्थेदेस होती आणि औषध घ्यायला नकार देणारी एक मेर्चे. मी त्यांना बहिणी समजले. मेर्चे हे मेर्थेदेसचंच लाडाचं नाव, हे कळेपर्यंत चाळीस पानं होऊन गेली होती. शिवाय नावांच्या कुठल्याशा यादीतून उचलून ‘मेर्थेदेस म्हणजे दया’ अशी तळटीपही ठोकून दिली होती. तेव्हापासून असं नाव समोर आलं की मी ठरावीक वाटेनेच जाते.

आधी नावापुढची मारिया (म्हणजे मेरी) परत लावा. जुन्या स्पेनमध्ये मुलींची कितीतरी नावं मेरीमातेच्या बिरुदांवरून ठेवलेली असत: मारिया देल पिलार, मारिया दे लोस दोलोरेस, मारिया दे लास मेर्थेदेस. रोजच्या हाकेत मारिया गळते आणि नुसतं शेपूट उरतं. त्या शेपटाचाच अर्थ काढत बसलं तर पिलार म्हणजे खांब निघतो, तोही पुल्लिंगी, आणि पोरीचं नाव कोण खांब ठेवेल असं वाटतं. पण खांब थारागोथाचा आहे, ज्यावर मेरीने येशूचा शिष्य सांत्यागो याला दर्शन दिलं अशी श्रद्धा आहे. मारिया लावली की कोडं सुटतं. स्पेनचा राजा बारावा आल्फोन्सो याची राणीसुद्धा पूर्ण नावाने मारिया दे लास मेर्थेदेसच. जानेवारी १८७८ मध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षी २६ जूनला, अठरा पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असताना, ती गेली.

मग अनेकवचन मोडा. मेर्थेदेसचं एकवचन मेर्थेद, म्हणजे कृपा, मेहेरबानी. तिथे थांबू नका, मी तिथेच थांबले होते. मागे लॅटिनमध्ये हा शब्द मजुरी, मोबदला या अर्थाचा आहे. भाडोत्री सैनिकाला स्पॅनिशमध्ये मेर्थेनारिओ म्हणतात तो याच कुळातला. कामाचा दाम होता, तो पुढे न मागता मिळणारी कृपा झाला. फ्रेंचांचं ‘मेर्सी’ (धन्यवाद) हेही इथलंच. आणि एक गंमत: मोठ्या माणसाला आदराने ‘वुएस्त्रा मेर्थेद’, आपली मेहेरबानी, म्हणत, ते घासून घासून ‘उस्तेद’ झालं. स्पॅनिश शिकणारा पहिल्याच आठवड्यात ‘आपण’ म्हणून जो शब्द घोकतो, त्यात अर्धी मेर्थेदेस लपलेली असते.

आता खरं खणायचं ते इथे: ही मेरी कुठली आणि कृपा कोणावर? उत्तर बार्सिलोनात आहे. तेराव्या शतकात भूमध्य समुद्रावर माणसं पकडून कैदेत टाकणं, खंडणी मिळाली की सोडणं हा ख्रिश्चन आणि मुसलमान अशा दोन्ही बाजूंनी चालणारा धंदाच होता. पेद्रो नोलास्को याने १२१८ मध्ये इथे एक धर्मसंघ उभारला. मुसलमान राज्यांत कैद झालेल्या ख्रिश्चनांना पैसे भरून सोडवून आणणं हे त्याचं काम. या संघाचे साधू नेहमीच्या तीन व्रतांवर चौथं व्रत घेत: पैसे कमी पडले तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचं. त्यांची मेरी ती कृपेची मेरी. म्हणजे दाम मोजून आणलेली सुटका हा या नावाचा गाभा, आणि म्हणून मला लॅटिनमधला तो ‘मोबदला’ इथे पुन्हा दिसतो. (व्युत्पत्तिकार असा जोड लावतीलच असं नाही, हा माझा वाचनातला आनंद.) स्पेनमधल्या तुरुंगांची संरक्षक देवता आजही हीच आहे.

प्रदेशाचं रूप तपासा. कातालानमध्ये, म्हणजे बार्सिलोनाकडच्या भाषेत, हीच मर्से होते. १९३८ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने नोंदवहीत स्पॅनिशच नावं हवीत असा हुकूम काढला आणि १९७७ पर्यंत कातालान नाव अधिकृतपणे लावता येत नव्हतं. त्यामुळे कागदावर मेर्थेदेस असलेली बाई घरात मर्से असू शकते. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की किती जणींचं आहे आणि त्यांचं सरासरी वय काय ते दिसतं. मात्र नुसती मेर्थेदेस आणि मारिया मेर्थेदेस वेगळ्या मोजतात, दोन्ही बघा.

मर्सिडीज मोटारीचा (स्पेलिंग तेच, Mercedes) उल्लेख टळत नाही, म्हणून उरकते: एमिल येलिनेक या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याच्या मुलीचं ते नाव, तिच्यावरून गाडीचं.

शेवटी तारीख. जुन्या घरांत नावाच्या संताचा दिवस वाढदिवसाइतकाच, कधी जास्तच थाटाचा. मेर्थेदेसचा दिवस २४ सप्टेंबर. बार्सिलोनात तेव्हा शहराचा उत्सवच असतो. माझ्या त्या पत्रांत दर वर्षी २४ सप्टेंबरला मेर्चेला मिठाई आणि शुभेच्छा पोचत होत्या, आणि मी प्रत्येक ठिकाणी ‘वाढदिवस’ लिहिलं होतं. बहिणींचा घोळ निस्तरून झाल्यावर तेही अकरा ठिकाणी खोडलं. तिचा खरा वाढदिवस मार्चमध्ये होता. त्या तारखेला कोणी तिला एक ओळही लिहिलेली नव्हती.