अमेरिकेत नवीनच स्कूल नर्स झालात? सर्टिफिकेशनची तयारी अशी करा

एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) झाली, आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स मिळालं, सहा वर्षं हॉस्पिटलमध्ये मेडिकल-सर्जिकल वॉर्डात काढली आणि मग शाळेत लागले तेव्हा मला वाटलं होतं की आता खरचटलेले गुडघे आणि पोटदुखी एवढंच बघायचंय. पहिल्याच आठवड्यात टाइप १ डायबेटिस असलेली दुसरीतली मुलगी, फिट येणारा एक मुलगा, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली चार पोरं, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये मेडिकलचं कळणारी मी एकटी. हाक मारायला डॉक्टर नाही. सर्टिफिकेशनची परीक्षा याच एकटेपणाची असते, म्हणून हॉस्पिटलच्या पद्धतीने अभ्यास केला तर उपयोग होत नाही.

सगळ्यात आधी एक गोंधळ मिटवा. सर्टिफिकेट दोन प्रकारचं असतं. एक राज्याचं, जे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी शाळेत काम करायला लागतंच, आणि काही राज्यांत नुसत्या आरएनवरही चालतं. दुसरं राष्ट्रीय, म्हणजे एनसीएसएन (नॅशनली सर्टिफाइड स्कूल नर्स), ते नॅशनल बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ स्कूल नर्सेस देतं आणि ते ऐच्छिक आहे. राज्याचं आधी पूर्ण करा, त्यासाठी राज्याच्या शिक्षण विभागाच्या साइटवरचे नियम स्वतः वाचा, मैत्रिणीच्या राज्यात चाललं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही. एनसीएसएनला चालू आरएन लायसन्स आणि बॅचलर्स डिग्री लागते. आपल्याकडचं बीएससी नर्सिंग असेल तर कागदपत्रांचं इव्हॅल्युएशन (ती पदवी अमेरिकेतल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची, याचा दाखला) हाताशी ठेवा, पण जीएनएम डिप्लोमावर आलेल्यांनी आधी आरएन टू बीएसएन (आरएन असलेल्यांसाठीचा नर्सिंग पदवीचा कोर्स) करून घ्यावं, ऑनलाइन होतं आणि नोकरी सांभाळून होतं.

घाई करू नका. बोर्ड स्वतःच १००० तास शाळेत काम केल्याचा अनुभव असावा अशी शिफारस करतं, आणि साधारण १८० दिवसांचं एक शालेय वर्ष पूर्ण केलं की तेवढे तास होऊन जातात. ते एक वर्ष मात्र वाया घालवू नका.

म्हणजे काय करायचं, तर ऑफिसमध्ये येणाऱ्या पोरांच्या केसेसची स्वतःची वही ठेवा. नाव नाही, वर्ग नाही, फक्त काय झालं, मी काय केलं आणि कोणत्या नियमाने केलं. मी रोज संध्याकाळी तीनच केसेस लिहायचे. त्या दुसरीतल्या मुलीला एकदा वर्गात घाम फुटला, टीचरने तिला एकटीला माझ्याकडे पाठवलं आणि ती जिन्यातच बसली. शुगर ६२. १५ ग्रॅम साखरेइतका ज्यूस दिला, १५ मिनिटांनी परत तपासलं, हे मला हॉस्पिटलपासून पाठ होतं. पण शुगर कमी झालेल्या मुलाला कधीही एकटं पाठवायचं नाही आणि हे टीचरला शाळा सुरू व्हायच्या आधी शिकवणं माझंच काम होतं, हे मला त्या दिवशी कळलं. परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

आता कायद्याकडे या, आपल्या नर्सेस सगळ्यात जास्त इथेच अडकतात आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. हॉस्पिटलात सगळं हिपा, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, पण सरकारी शाळेत नर्सने ठेवलेली नोंद ही सहसा शैक्षणिक रेकॉर्ड धरतात आणि तिला १९७४ चा फेर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा कायदा लागू होतो. पालक ती बघायला मागू शकतात, आणि टीचरला तिच्या कामापुरतंच सांगायचं असतं. मग ५०४ प्लॅन (आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलाला शाळेत द्यायच्या सोयींचा) आणि आयईपी (मुलासाठी खास बनवलेला शिक्षणाचा आराखडा). डायबेटिस आहे पण शिकण्यात अडचण नाही अशा मुलाला १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टमधलं कलम ५०४, आणि स्पेशल एज्युकेशन लागतं त्याला आयईपी. त्याशिवाय नर्सने लिहायचा आयएचपी, म्हणजे त्या मुलाचा आरोग्य प्लॅन वेगळा, आणि वर्गातल्या टीचरला कळेल अशा साध्या भाषेतला इमर्जन्सी प्लॅन वेगळा. हे चारही कागद स्वतः बसून लिहून बघा, नुसतं वाचून डोक्यात राहत नाहीत. मॅककिनी-व्हेंटो कायदाही बघून ठेवा, बेघर कुटुंबातलं मूल लसीकरणाचे कागद नाहीत म्हणून दारातून परत पाठवता येत नाही.

डेलिगेशन, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला सोपवणं, हा दुसरा अवघड भाग. आपल्याला सवय असते सगळं स्वतः करायची, पण इथे ट्रिपला टीचर जाते, तुम्ही नाही. योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य माणूस, योग्य सूचना, योग्य देखरेख, हे पाच मुद्दे पाठच करा. असेसमेंट, म्हणजे मुलाला तपासून काय झालंय ते ठरवणं, कधीच दुसऱ्याला सोपवायचं नाही. एपिनेफ्रिन (तीव्र ॲलर्जीवरचं औषध) किंवा ग्लुकागॉन (शुगर फार उतरल्यावरचं) मुलाला कोण देऊ शकतं हे राज्याच्या कायद्यावर ठरतं, आणि परीक्षा राष्ट्रीय असल्यामुळे आपल्या शाळेतली पद्धत म्हणजेच उत्तर असं धरू नका.

क्लिनिकल भागाला कमी वेळ पुरतो. दम्याचे हिरवा-पिवळा-लाल झोन (ठीक, सावध, धोका), फिट ५ मिनिटांच्या वर गेली तर काय, डोक्याला मार लागल्यावर मूल अभ्यासाला हळूहळू कसं परत आणायचं, दृष्टी तपासणी, गोवराची पुरळ उठल्यापासून ४ दिवस घरी, एवढं पक्कं हवं.

दोन उत्तरं बरोबर वाटली की मी एकच विचारायचे, मूल सुरक्षित राहून वर्गात कशाने बसेल? त्याचं मूळ १९०२ मध्ये आहे. न्यूयॉर्कमध्ये पोरांना उवा, खरूज, डोळ्यांच्या आजारामुळे घरी पाठवायचे आणि तिकडे उपचार कोणीच करत नव्हतं, तेव्हा तिथल्याच समाजसेविका नर्स लिलियन वॉल्ड यांनी लिना रॉजर्स या नर्सला चार शाळांवर नेमलं, त्या घरोघरी गेल्या आणि मुलं शाळेत परत आली. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. म्हणूनच आजही लिखा दिसल्या म्हणून मुलाला घरी पाठवा हे उत्तर चुकीचं असतं.

वेळापत्रक म्हणाल तर १२ आठवडे पुरतात. पहिले पाच कायदा, प्लॅन आणि डेलिगेशन, पुढचे तीन क्लिनिकल, उरलेल्यात फक्त सराव प्रश्न, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे आपल्या वहीतली जुळणारी केस लिहायची.

फॉर्म भरताना नावाकडे बघा, आपल्याकडे हे हमखास घडतं, मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधलं, लायसन्सवर माहेरचं आडनाव. अर्जातलं नाव आणि सेंटरवर दाखवायचं ओळखपत्र अक्षरशः जुळलं पाहिजे, दुरुस्तीला आठवडे जातात म्हणून ती अभ्यास सुरू करायच्या आधीच करून टाका. आणि पास झालात की त्याच दिवशी एक फोल्डर उघडा, सर्टिफिकेट ५ वर्षांचं असतं, नूतनीकरणाच्या वेळी ट्रेनिंगचे कागद शोधत बसायला नको.